सावधानमध्ये अडकलेली कंबर

"साऽऽवधान!"

ओरडणारा मीच होतो. वाशीतल्या आमच्या शाळेच्या मैदानावरून ही आरोळी सुटली की खाडीपुलापलीकडचे टपरीवाले हातातला पेला खाली ठेवून ताठ उभे राहतात, असं मी सगळ्यांना सांगत असे. वारा बरोबर दिशेचा असला तर ते अगदीच खोटं नव्हतं. पंधरा ऑगस्टच्या परेडची तालीम होती. आरोळी सुटली, शाळाभर पोरांच्या टाचा खाड्कन जुळल्या, माझी छाती नेहमीसारखी माझ्यापुढे हातभर गेली, आणि त्याच क्षणी कोणीतरी माझ्या कमरेत सुरी खुपसून ती किल्लीसारखी फिरवली.

"विश्राम" म्हणायला तोंड उघडलं. आवाज निघेना. श्वास घेतला की सुरी फिरे. तेव्हा मी सावधान, आणि विश्राम कोणी म्हणत नाही म्हणून अख्खी शाळा सावधान. पोरांना वाटलं, आज मास्तर भडकलेत. बाकीच्या मास्तरांना वाटलं, ड्रिलमध्ये काहीतरी नवीन निघालंय. आमच्या मुख्याध्यापिका देवस्थळीबाई व्हरांड्यात आल्या, कौतुकानं मान हलवून आत गेल्या. एक कावळा मला खांब समजून खांद्यावर बसला आणि निवांत पंख विंचरू लागला. यातलं कावळ्याचं कोणाला पटत नाही, पण मी कावळ्यावर ठाम आहे.

शेवटी शाळेचा शिपाई म्हात्रे जवळ आला. करावे गावचा गडी, खाडीत जाळं टाकून मग शाळेत येणारा.

"मास्तर, इश्राम बोला ना. पोरा कवाची उभी हायत."

मी डोळे फिरवले.

"काय झाला? पानी देऊ?"

उत्तर म्हणून मी त्याच्या अंगावर बांबूसारखा आडवा झालो. पडतानाही टाचा जुळलेल्या आणि मुठी मांड्यांना चिकटलेल्या. मूर्खपणाचा इतका शुद्ध नमुना मी पुन्हा पाहिलेला नाही.

स्ट्रेचर कुठून आणणार? सातवीचा फळा भिंतीवरून उतरवला आणि त्यावर मला घातलं. रुग्णालयात पोचेतो सदऱ्याच्या पाठीवर त्रैराशिकाचं गणित उलटं उमटलं होतं. नर्सनं मला कुशीवर वळवून ते वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि पुन्हा उताणं केलं.

अंगठा

डॉक्टर तरुण होता. चेहरा असा की नुकतीच कोणीतरी त्याला इस्त्री केली असावी. त्यानं माझे दोन्ही पाय हातात घेतले, टाचणीनं टोचलं, आणि म्हणाला, "उजवा अंगठा वर करा."

मी वर केला.

"करा ना."

"केलाय की!"

माझी बायको शैला पायथ्याशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, नाही झाला वर."

मान वाकवून पाहिलं. अंगठा तसाच पडला होता, गणपतीच्या सुट्टीत वर्गात विसरलेल्या खडूसारखा. मी मनात त्याला हुकूम दिला. मग शिवी दिली. ढिम्म. माझ्या एका आरोळीवर सगळी शाळा वळते, आणि माझ्याच पायाचं एक बोट मला जुमानत नाही! या सबंध आजारात मी खरा घाबरलो तो तेव्हा. वेदनेला घाबरलो नव्हतो. वेदना निदान ओरडते. अंगठा काहीच बोलत नव्हता.

मणक्यातली चकती सरकलीय, पायाकडे जाणारी नस दाबली जातेय, असं डॉक्टर म्हणाला. आधी पाठीला ताण देऊन बघू, पडून राहा. अंगठा हलला तर ठीक, नाही हलला तर ऑपरेशन.

"आणि ड्रिल?"

"ड्रिल विसरा," तो म्हणाला. डब्यात आज भाजी नाही, हे सांगावं तितक्या सहज.

देवस्थळीबाई तिसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन आल्या. मोसंबी ठेवली आणि मुद्द्यावर आल्या. "मास्तर, सव्वीस जानेवारीची परेड तुम्ही घेऊ शकलात तर ड्रिल तुमचंच. नाहीतर मला दुसरी व्यवस्था करावी लागेल. तुम्हाला हस्तकला देता येईल."

हस्तकला! म्हणजे घोटीव कागद, डिंकाची वाटी आणि जिलेटिनचे कंदील. ज्यानं उभ्या जन्मात "डावीकडे वळ"शिवाय कोणाला दुसरं काही म्हटलं नाही, त्यानं आता "पाकळी नीट दुमड गं" म्हणायचं. अपंगत्व परवडलं, असं मी शैलाला म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढची मोसंबी मी मुकाट्यानं सोलली.

ताण आणि ताणवणारे

उपचार म्हणजे कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या, दोऱ्या पलंगाच्या कडेवरून खाली आणि त्यांना वजनं. ती दिवसभर मला खाली ओढत. घरी जाईन तेव्हा उंची वाढलेली असेल आणि पँटी आखूड होतील असा माझा हिशेब होता. तसं काही झालं नाही. वॉर्डातला दिनक्रम सांगण्यासारखा नाही: पहाटे थर्मामीटर, मग चहा नावाचं गरम पाणी, मग डॉक्टरांची फेरी, मग अंगठ्याची परीक्षा, नापास, पुन्हा ताण.

आणि भेटायला येणारे. पाठदुखी हा असा आजार आहे की त्यावर भारतात प्रत्येकाकडे औषध आहे आणि ते औषध घेतलेला एकही माणूस बरा झालेला नाही. एकानं सांगितलं, कठीण फळीवर झोपा. दुसऱ्यानं सांगितलं, कापसावर. सोसायटीचे सेक्रेटरी तर पलंगावर बसून माझ्या दोऱ्यांशी खेळत बोलत राहिले. त्यांच्या मेहुण्याला हेच झालं होतं. "आता कसा आहे?" मी विचारलं. "वारला," ते म्हणाले, "पण हार्टनं." आणि माझंच मोसंबं खाऊन गेले. आजारी माणसाकडे जाणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे: जाऊ नका. जायचंच असेल तर म्हात्रे आला तसं जा. तो डब्यातून जिताडा माशाचं कालवण घेऊन आला, स्टुलावर बसला, एक शब्द बोलला नाही, मी जेवल्यावर डबा धुऊन निघून गेला.

दुसरी दया शैलाची. ज्याला चकतीचं दुखणं झालंय त्यालाच कळेल की जगातली सगळ्यात भयानक गोष्ट म्हणजे शिंक. शिंक येतेय असं वाटलं की मी मृत्युपत्राचा मजकूर जुळवायला लागायचो. शैला दोन्ही तळवे माझ्या कमरेखाली सरकवून घट्ट दाबून धरायची आणि म्हणायची, "आता द्या." मग मी शिंकायचो. ती मुंबईत बँकेत नोकरीला. सकाळी डबे करून बस पकडायची, संध्याकाळी बसमधून उतरून थेट वॉर्डात यायची, आणि तिथे माझ्या शिंकांची वाट बघत बसायची. हे काम कोणत्याही पत्रिकेत लिहिलेलं नसतं.

सामंतबाई

वजनांनी वेदना कमी केली, अंगठा हलवला नाही. डॉक्टरनं काही आठवडे घरी विश्रांती दिली आणि ऑपरेशनचा विचार करायला सांगितलं. घरी मी भिंतीला धरून चालायचो आणि चालताना छाती पुढे काढायचो. सवय. आमच्या घराण्यात पाळण्यातल्या पोरालाही "ताठ झोप" म्हणून दटावतात.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर सामंतबाई राहायच्या. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, नवरा बोटीवर चीफ इंजिनिअर, त्याच्यामागे पेनांग आणि सिंगापूरला बरीच वर्षं काढलेली. नवरा गेल्यावर बाई वाशीला येऊन राहिल्या. रोज सकाळी मागच्या रिकाम्या प्लॉटवर त्या चिनी ताई-ची करत. म्हणजे हात-पाय इतक्या सावकाश हलवत की मधे बगळा येऊन मासा शोधून जावा. मी आजवर खिडकीतून बघून हसत आलो होतो. "पाण्याखाली भांडण चाललंय" असं मी स्टाफरूममध्ये त्यांचं वर्णन करायचो आणि नक्कलही करून दाखवायचो. शैलानं त्यांनाच घरी बोलावलं. मला न विचारता.

बाई आल्या. साठीच्या, स्थूल, हातात छत्री. मी दारात स्वागताला उभा राहिलो, अर्थात सावधान.

त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि हसायलाच लागल्या. "काय रे मास्तरा, कोणाक दाखयतंस ती छाती?"

"बाई, ही तुमची विद्या चिन्यांची आहे," मी म्हणालो. "बासष्ट साली त्यांनी..."

"बासष्ट साली तू काय करत होतास?"

"मॅट्रिकला बसलो होतो."

"पास झालास?"

"दुसऱ्या खेपेला."

"मग चीनचं सोड. गुडघे सोड आधी."

गुडघे सोड म्हणजे काय ते मला कळेना. त्यांनी छत्रीच्या टोकानं गुडघ्याच्या मागे ढोसलं. माझा पाय मोडल्यासारखा वाकला. "हे बघ, कुलूप लावून ठेवलंयस. माणूस आहेस की तिजोरी?" मग माकडहाडाला छत्री लावली. "हे मागे काढून का ठेवलंयस? खाली सोड. टोकाला वजन टांगलंय असं समज." मग डोकं. टाळूला दोरी बांधून वरून कोणीतरी हलकेच टांगलंय, हनुवटी किंचित आत, मानेची मागची बाजू लांब. खांदे खाली, कोपरं त्याहून खाली. आणि छाती... इथे मी अडलो. छाती फुगवायची नाही. उसासा टाकल्यावर पडते तशी पडू द्यायची, म्हणजे पाठ रुंद होते.

"बाई, पण हे तर पोक काढणं झालं."

"पोक काढणारा डोकंही खाली घालतो. तुझं डोकं वर टांगलंय. गप रव."

मग हात पुढे, मोठी घागर कवेत धरल्यासारखे. वजन चवड्यावर नाही, टाचेवर नाही, तळपायाच्या मधे.

"आता काय करायचं?"

"उभा रव."

"किती वेळ?"

"कंटाळा येईपर्यंत. मग कंटाळा जाईपर्यंत."

आयुष्यभर पोरांना उभं राहायला शिकवून पगार घेतलेला मी! थोड्याच वेळात माझ्या मांड्या अशा लटपटायला लागल्या की खालच्या मजल्यावरच्यांनी भूकंप समजून भांडी फडताळातून काढली असती. बाई खुर्चीत बसून शैलाशी सुरमईचे भाव बोलत होत्या.

आता ज्यांची कंबर गेलीय त्यांच्यासाठी नीट सांगतो, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपण ज्याला ताठ म्हणतो तो बहुधा मागे मोडलेला माणूस असतो. छाती पुढे ढकलली की कंबर आत खचते, गुडघे लॉक होतात, आणि वरचं सगळं ओझं कमरेच्या एका चिमटीत जाऊन बसतं. त्या चिमटीत चकती असते. माकडहाड खाली लोंबू दिलं, जांघेत घडी पडू दिली, गुडघे सैल सोडले की ओझं पायांत उतरतं आणि पाय ते जमिनीला देऊन टाकतात. चिनी लोक याला फार मोठी विद्या म्हणतात. मला विचाराल तर ही फक्त चूक न करण्याची विद्या आहे, आणि म्हणूनच इतकी अवघड. दुसरं असं की पायातली शक्ती गेली असेल, लघवीला त्रास व्हायला लागला असेल, तर छत्रीवाल्या बाईकडे जाऊ नका, डॉक्टरकडे पळा. मी डॉक्टरला विचारूनच हे केलं. तो म्हणाला, "उभं राहायला माझी काय हरकत असणार?" हे वाचून कोणी उद्या थेट घागर कवेत घेऊन मोडला, तर मला पत्र पाठवू नये.

बाथरूममधली परेड

मी सुधारत होतो आणि हे मला सहन होत नव्हतं. ड्रिल मास्तर म्हणून सव्वीस जानेवारीला उभं राहायचं, तर ताठ नको? बाईंच्या पद्धतीनं उभा राहिलेला माणूस बसची वाट बघत असल्यासारखा दिसतो. म्हणून मी बाथरूमची कडी लावून सावधानचा सराव करायला लागलो. छाती पुढे, टाचा जुळलेल्या, आरोळी मात्र मनातल्या मनात.

व्हायचं तेच झालं. सुरी, किल्ली, सगळं. मी बादलीशेजारी सावधानमध्ये अडकलो आणि कडी आतून.

शैलानं दार ठोठावलं. माझा आवाज निघेना. मग म्हात्रेला निरोप गेला, तो पहार घेऊन आला आणि बिजागरीच उचकटून दार बाजूला ठेवलं. मी साबणाच्या फेसात, ताठ.

"परत काय, मास्तर?" म्हात्रे एवढंच म्हणाला आणि पहार घेऊन गेला.

शैला त्या दिवशी बँकेत गेली नाही. मला पलंगावर घातलं, कमरेला गरम पिशवी दिली, आणि मग ती जे बोलली ते तिच्या आईसमोरही कधी बोलली नव्हती.

"तुमच्या छातीनं माझं वाटोळं केलंय. तुम्हाला मोजे कोण घालतं? मी. सोसायटीत सगळ्यांना खोटं कोण सांगतं, 'बरे आहेत' म्हणून? मी. आणि तुम्ही आत कडी लावून कोणासमोर परेड करता? बादलीसमोर?"

"शैला, हस्तकला..."

"लंगडत हस्तकला कराल तेव्हा समजेल. एकदा सांगा. परेड हवीय की पाय हवाय?"

मी म्हणालो, पाय. माझ्या तोंडून इतक्या हळू आवाजात निघालेला तो बहुधा पहिला शब्द असावा. ती रडली, आणि मग लगेच कुकर लावायला गेली.

त्यानंतर मी सामंतबाईंच्या प्लॉटवर रोज गेलो. खाडीच्या वाऱ्यात, मच्छरांच्या झुंडीत, घागर कवेत धरून. मच्छर इतके मोठे की त्यांच्या बसण्यानंच माझं वजन या पायावरून त्या पायावर जाई. बाई म्हणत, "बरं आहे, एक पाय भरलेला आणि एक रिकामा, असंच हवं." सोसायटीतली मंडळी चालायला निघाली की थांबून बघत. सेक्रेटरींनी विचारलं, "काय हो मास्तर, चिन्यांकडे पक्षांतर?" मी त्यांना उत्तर दिलं नाही. गुडघे सैल असले की लोकांना उत्तर द्यायची इच्छाही सैल पडते, हा या विद्येचा एक अनपेक्षित फायदा.

डिसेंबरात एका सकाळी चप्पल घालताना उजवा अंगठा वर आला. आपणहून. मी चप्पल काढली आणि पुन्हा घातली. पुन्हा आला. मी शैलाला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, खाली बसली आणि त्या अंगठ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात टीव्ही नुकता रंगीत झाला होता, पण इतक्या कौतुकानं तिनं तोही पाहिला नव्हता. डॉक्टरनं ऑपरेशनचा कागद फाडला. चेहऱ्याची इस्त्री तेवढी मोडली नाही.

सव्वीस जानेवारी

मी परेड घेतली. आणि शाळेलाही सामंतबाईंची पद्धत शिकवली. तालमीत प्रत्येक रांगेतून फिरून पोरांच्या गुडघ्यांमागे पट्टीनं ढोसलं, "कुलूप काढ रे", "छाती कोणाला दाखवतोस?" असं म्हणत. आधी ती हसली, मग उभी राहिली.

त्याचं कारण सांगतो. दर सव्वीस जानेवारीला पाहुणे भाषणाला उभे राहिले की पोरं पडतात. गुडघे ताठ, पोट रिकामं, ऊन. आधी एक पडतं, मग पिकलेल्या चिंचांसारखी रांगेरांगेत. मास्तर लोक उचलून सावलीत नेतात, कांदा हुंगवतात, आणि पाहुणे भाषणात "ही शिस्त, हा त्याग" असं म्हणून डोळे पुसतात. दरवर्षी. कोणाला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

या वर्षी पाहुणे म्हणून संस्थेचे चेअरमन स्वतः. ते बोलायला उभे राहिले तेव्हा खाडीला भरती होती. बसले तेव्हा चिखलात बगळे चालत होते. मी झेंड्याखाली उभा, माकडहाड खाली, टाळू वर, गुडघे सैल. बुटाच्या आत मधूनमधून अंगठा हलवून बघत होतो. सुरी आली नाही. समोर अख्खी शाळा हलक्या गुडघ्यांवर उभी होती, वाऱ्यात गवत हलावं तशी किंचित हलत. एक पोर पडलं नाही. कांद्यांची टोपली म्हात्रेनं तशीच परत नेली.

लाडू वाटून झाल्यावर मी देवस्थळीबाईंच्या खोलीत गेलो. छाती पुढे न काढता. इतका खूश मी लग्नातही नव्हतो.

"बाई, दरवर्षी पोरं पडतात. आज एक तरी पडलं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"नाही. चेअरमनसाहेबही तेच विचारत होते, यंदा मुलांना नीट उभं केलं नव्हतं का म्हणून. सोमवारपासून तुम्ही हस्तकला घ्या."